खरी फर की खोटी? सोंगाचं कातडं बेतण्याआधी

आधी महिना बघा, मग कापड. गणपतीपुढचा सजीव देखावा भाद्रपदाच्या दमट हवेत असतो. शाळेचं गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे धुळ्याला रात्री कानटोपी लागते तेव्हा. होळीला पेटता विस्तव चार पावलांवर असतो. आणि चैत्र-वैशाखात गावात सोंगं निघाली, तर जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असतो. अस्वलाचा एकच पोशाख या चार वेळी चार तऱ्हांनी वागतो. खरी की खोटी याचा निम्मा निकाल इथेच लागतो. दिसण्याचा विचार नंतरचा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. अंग झाकणारी फर खोटीच घ्यावी. खरे केस वापरायचे ते फक्त जिथे माणसाची नजर हातभर अंतरावरून पडते तिथे: दाढी, भुवया, आयाळीची पुढची कड, शेपटीचा गोंडा. याला अपवाद एकच, विस्तवाचा. त्याबद्दल पुढे.

कायदा काय म्हणतो

खऱ्या फरचा विषय निघाला की कोणाच्या तरी घरात आजोबांच्या काळातलं वाघाचं किंवा बिबट्याचं कातडं असल्याची आठवण निघते. ते जिथे आहे तिथेच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वन्य प्राण्याचं कातडं, केस, नखं बाळगायला मालकीचा दाखला लागतो, आणि विकत घेणं-देणं तर गुन्हाच आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षं. यात वाघ, बिबट्या, अस्वल तर आहेतच, पण रंगाच्या कुंचल्यांसाठी ज्याचे केस चोरून विकले जातात ते मुंगूसही आहे. यात्रेत ‘अस्वलाचा केस’ म्हणून ताईत विकायला बसलेले दिसतात, तेही याच कायद्यात बसतं.

मोरपिसांची गोष्ट वेगळी. अक्कलकुव्याकडे काठीच्या राजवाडी होळीत नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप असतात. मोराची गळलेली शेपटीची पिसं देशात बाळगायला सूट आहे, निर्यात मात्र बंद. ही सूट पिसांपुरतीच आहे. तिचा दाखला देऊन सशाच्या किंवा कोल्ह्याच्या कातड्याचं समर्थन करता येत नाही.

परदेशी फरचं म्हणाल, तर मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरची आयात भारत सरकारने जानेवारी २०१७ मध्ये बंद केली. बाजारात ‘मिंक’ म्हणून मीटरवर किंवा ब्लँकेट म्हणून जे मिळतं ते पॉलिस्टर किंवा ॲक्रिलिक असतं. फसवणूक म्हणावी असं त्यात काही नाही, कापडाचं नावच तसं पडलंय.

म्हणजे खानदेशात ‘खरी फर’ याचा अर्थ उरतो तो शेळीचं कातडं, मेंढीची लोकर आणि घोड्याचे केस. ठेलारी आणि धनगर मेंढपाळांकडे कातरणीच्या वेळी दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर मिळते, घोंगडीची तीच. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. शेपटी विंचरताना निघालेले केस घोडेवाल्यांकडे मागता येतात. शेळीचं कमावलेलं कातडं चामड्याच्या व्यापाऱ्याकडून पावतीवर घ्या. ती पावती पोशाखाच्या पिशवीतच ठेवा. ठिपके रंगवलेलं शेळीचं कातडं मंचावर बिबट्यासारखं दिसावं अशीच तुमची इच्छा असणार, पण ते वनखात्याच्या माणसालाही तसंच दिसू शकतं.

किती लागते, किती भरते

फर कापड बहुधा ५८ ते ६० इंच पन्ह्याचं येतं. एक मीटर घेतलं की दीड चौरस मीटर, म्हणजे सुमारे १६ चौरस फूट मिळतं. साडेपाच फुटी माणसाचा अंगभर पोशाख (अस्वल, जांबुवंत) साडेचार मीटरमध्ये बसतो: पाय दोन मीटर, धड आणि हात दोन, डोकं आणि पंजे अर्धा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला दोन मीटर पुरतं. वानरसेनेतल्या एका वानराला अंगभर फर लागतच नाही. गळपट्टा, मनगटं, पोटऱ्या आणि शेपूट मिळून पाऊण मीटर. नरसिंहाच्या आयाळीला लांब केसांचं कापड अर्धा मीटर.

कापडाचं वजन ग्रॅममध्ये मोजतात. आखूड केसांचं साधारण ५०० ते ६०० ग्रॅम चौरस मीटरला, दाट लांब केसांचं हजाराच्या आसपास. साडेचार मीटरचा पोशाख आखूड केसांत साडेतीन किलोवर जातो, लांब केसांत साडेसहाच्या आसपास. हाच पोशाख शेळीच्या कातड्यात करायचा, तर कातडी किती? एका कातड्यात पाच-सहा चौरस फूट असतात, पण पोटाकडचा पातळ भाग, पायांचे तुकडे, जखमांचे व्रण काढले की हाताशी साडेतीन-चार राहतात. अठरा-वीस कातडी लागतील, सगळी एका रंगाची मिळणार नाहीत, आणि अंगावर आठ-नऊ किलो चढतील. हा हिशोब कागदावर मांडला की अंगभर खऱ्या फरचा हट्ट बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

ऊन

लोकर हवेतलं पाणी स्वतःत घेते, साध्या हवेत आपल्या वजनाच्या १५-१६ टक्क्यांपर्यंत. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. यावरून खरी फर थंड पडेल असं वाटतं, आणि इथेच गफलत होते. केस घाम शोषतात, पण केसांमागे कातडं आहे, आणि त्यातून वारा जात नाही. खोट्या फरची पाठ म्हणजे विणलेली जाळी. ती थोडा तरी श्वास घेऊ देते. त्यामुळे अंगभर पोशाखात खोटी फर कमी जाचते.

तरीही उकडतंच. काखा, कोपराची आतली बाजू, जांघ आणि पाठीचा मधला पट्टा या जागी फर लावूच नका. फरच्याच रंगाचं होजिअरी किंवा जाळीचं कापड जोडा; हात खाली असताना ते कोणाला दिसत नाही. याचा दुसरा फायदाही आहे. घासून घासून केसांच्या गाठी सर्वांत आधी याच जागी होतात. मुखवटा पूर्ण डोकं झाकणारा असेल तर तोंडाच्या फटीतून हवा आत आणि मागे मानेपाशी बाहेर, अशी दोन भोकं ठेवा. ५ व्होल्टचा छोटा पंखा पॉवर बँकवर चालतो. तो मागच्या भोकाला गरम हवा बाहेर फेकेल असा बसवा; आत हवा मारणारा पंखा बाहेरची ४३ अंशांची हवाच तोंडावर आणतो.

उन्हाळ्यात पंधरा मिनिटं सोंग, अर्धा तास पोशाख उतरवून सावली, हा नियम मोडू नये. सोंग घेणारा हसताना, नाचताना मध्येच गप्प झाला, चक्कर म्हणाला, किंवा घाम थांबून अंग तापलं, तर लोकांसमोरच पोशाख उतरवा. चेन पाठीला असेल तर ती स्वतःला उघडता येत नाही. म्हणून अशा पोशाखाची चेन पुढे, छातीच्या लांब केसांखाली लपवून लावायची.

विस्तव

आगीच्या बाबतीत खरी फर सरळ सरळ वरचढ आहे, आणि त्याचं कारण आकड्यात सांगता येतं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. पेटलेली लोकर जळत राहायला सुमारे २५ टक्के लागतो, म्हणून ज्योत दूर केली की ती विझू पाहते आणि मागे चुरगळणारी राख सोडते. ॲक्रिलिकला १८ टक्के पुरतो. ते हवेत बिनघोर जळतं. पॉलिस्टर २५५-२६० अंशांना वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. त्यात लांब केसांच्या फरमध्ये केसागणिक हवा असते, त्यामुळे ज्योत वरच्यावर पळते.

होळीभोवती, मशालीजवळ, निरांजनाचं ताट हातात घेऊन करायच्या सोंगाला खोट्या फरची लोंबती आयाळ किंवा जमिनीवर घासणारी शेपूट नको. तिथे आयाळ लोकरीची करा आणि अंगाला सुती कापडावर रंगवलेले केस. खोटी फर वापरायचीच असेल तर विस्तवापासून दहा पावलं, आणि शेजारी एक माणूस घोंगडी घेऊन उभा. घोंगडी लोकरीची असते, ज्योत तिच्याखाली गुदमरते. पॉलिस्टरची चादर हे काम करत नाही. पेटलंच तर माणसाला पळू देऊ नका, जमिनीवर आडवं पाडून घोंगडीत गुंडाळा, मग वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. कातडीला चिकटलेलं कापड ओढून काढायचं नाही, ते डॉक्टरचं काम.

दुकानात ओळखायची कशी

केस फुंकरीने किंवा बोटाने दुभागून मुळाशी बघा. खाली धाग्याची वीण दिसली तर खोटी, कातडी दिसली तर खरी. पाठीला अस्तर शिवलेलं असेल तर कडेला टाचणी टोचा; विणीत ती सहज जाते, कातड्यात अडते. खऱ्या केसाचं टोक निमुळतं होत जातं आणि खाली आखूड मऊ लव असते. खोट्या केसाचं टोक कापल्यासारखं बोथट असतं. शंका उरली तर दहा-बारा केस उपटून चिमट्यात धरा आणि ताटलीवर जाळा. केस जळल्याचा वास आणि बोटांनी चुरडणारी राख म्हणजे खरी. प्लास्टिकचा वास, कडक काळा मणी म्हणजे खोटी. मणी गार होईपर्यंत हात लावू नका.

खोटी फर घेताना

खानदेशातून फर कापडाची मोठी खरेदी सुरतेतच परवडते. भुसावळ-सुरत लोहमार्गावर नंदुरबार आहेच, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. गावातल्या कापड दुकानात मिळतं ते बहुतेक टेडीचं, आखूड केसांचं. वानराला चालतं, अस्वलाला नाही. जुनं मिंक ब्लँकेट हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. डबल बेडच्या एका ब्लँकेटमध्ये मुलाचं सिंहाचं अंग निघतं. मात्र दुपदरी ब्लँकेटचे पदर आधी उसवून वेगळे करा, नाहीतर दुप्पट वजन आणि दुप्पट उकाडा.

कापड हातात आलं की केसांची बाजू बाहेर येईल असं ते दुमडा. घडीवर पाठ उघडी पडली तर वीण विरळ आहे. गुडघ्या-कोपरावर टक्कल दिसेल. मग मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. पॉलिस्टर मंचाच्या दिव्यात चकाकतं आणि अस्वल प्लास्टिकच्या बाहुलीसारखं दिसतं. ॲक्रिलिक त्यामानाने मंद दिसतं, पण आगीचं वर सांगितलंय ते लक्षात ठेवून घ्या. टोकाला एक आणि मुळाशी दुसरी छटा असलेलं कापड मिळालं तर थोडे पैसे जास्त देऊनही घ्यावं. एकाच लॉटचं, आणि हिशोबापेक्षा दहा टक्के जास्त. दुसऱ्या लॉटचा काळा हा वेगळाच काळा असतो.

घरी रंगवू असा बेत असेल तर तो सोडा. सुती कापडाचे पुडीतले रंग पॉलिस्टर-ॲक्रिलिकवर बसत नाहीत, आणि या तंतूंना बसणारे रंग उकळत्या पाण्यात लावावे लागतात. त्यात केस कुरळे होऊन जातात. पट्टे-ठिपके काढायचे तर ॲक्रिलिक रंग एकास तीन पाण्यात पातळ करून, सुकत असतानाच विंचरत राहायचं, नाहीतर केस चिकटून काड्या होतात.

कापणं आणि शिवणं

निम्मी सोंगं इथे बिघडतात, तेव्हा सावकाश वाचा.

कापड पालथं घाला. केसांचा कल कोणीकडे आहे तो हाताने बघून पाठीवर खडूने बाण काढा. प्रत्येक तुकड्यावर बाण हवा: अंगावर खाली, हातावर मनगटाकडे, डोक्यावर नाकापासून मागे. एक तुकडा उलटा लागला तर शिवताना कळत नाही, दिव्याखाली तो वेगळ्या रंगाचा ठिगळ दिसतो. डाव्या-उजव्या बाजूचे तुकडे एकदम दुहेरी कापडावर कापता येत नाहीत. कागदी बेत एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवून वेगवेगळे आखा. सर्वांत जास्त होणारी चूक हीच: दोन्ही बाह्या उजव्या.

कात्री नको, कटरचं नवं पातं घ्या. फक्त पाठ कापायची, केस नाही. कापड टेबलावर दाबून न ठेवता थोडं उचलून धरा, म्हणजे पातं केसांपर्यंत जात नाही. कापून झालं की दोन्ही बाजू हळूच ओढून केस वेगळे करा. कात्रीने सरळ कापलं तर कडेचे केस अर्धे होतात आणि शिवणीवर टकलाची रेघ येते, ती मग कशानेही झाकत नाही. हे काम ओट्यावर, तोंडाला मास्क लावून करा. तंतू स्वयंपाकघरात आठवडाभर सापडत राहतात.

शिवणीला पाव इंच पुरतं. दोन तुकडे केस आत घालून समोरासमोर ठेवा, कडेचे केस पट्टीने आत ढकला, आणि दर दीड इंचाला क्लिप लावा. टाचण्या केसांत हरवतात आणि नंतर अंगाला टोचतात. मशीनखाली वरचा पदर खालच्यापेक्षा हमखास पुढे सरकतो. एक मीटरच्या शिवणीत इंच-दीड इंचाचा फरक सहज पडतो. म्हणून आधी हाताने धावदोरा घालून मगच मशीन. सुई १६ नंबरची, टाका ३.५ ते ४ मिलिमीटर, मशीनच्या पायाचा दाब कमी, दोरा पॉलिस्टरचा. टाके सुटत असतील तर सुई बारीक आहे किंवा बोथट झाली आहे. नेहमी केसांच्या कलाच्या दिशेने शिवा. शिवण झाली की सुलट बाजूने जाड सुईच्या टोकाने शिवणीत अडकलेले केस एक एक करून बाहेर ओढा आणि कुत्र्याचे केस विंचरायच्या तारेच्या ब्रशने फिरवा. कंटाळवाणं काम आहे, पण शिवण दिसेनाशी होते ती यानेच.

तोंडाजवळचे केस आखूड करायला दाढीचा ट्रिमर वापरतात. आधी १२ मिलिमीटरची फणी, मग ९, मग ६. थेट लहान फणी लावली की खड्डे पडतात. चेहऱ्याच्या भागाची पाठ केसांच्या रंगाची आधीच रंगवून ठेवा, म्हणजे आखूड केसांतून पांढरी वीण डोकावत नाही. केस सगळे एका उंचीचे झाले की गालिच्यासारखे दिसतात. न्हाव्याकडे असते तशी विरळणीची कात्री उभी धरून टोकं कमी-जास्त करा.

इस्त्री नाही, गरम हवेचं ड्रायर नाही. गरम गोंदाची बंदूक पाठीकडून जपून चालते, पण केसांना थेंब लागला की तिथे कायमची गाठ. मुखवट्याच्या फोमवर फर चिकटवायला रबराचा गोंद बरा. दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा. थर्माकोलवर हा गोंद लावू नका, थर्माकोल विरघळतो. आणि गोंद पूर्ण सुकेपर्यंत जवळपास काडी, उदबत्ती नको.

खरं कातडं हाताळताना

पहिली गल्लत कोणत्या कातड्याची हे न बघण्याची. ढोल-डफावरचं कातडं कमावलेलं नसतं. ते वाळवून ताणलेलं कच्चं कातडं. ते अंगावर वाकत नाही आणि घाम लागला की वास मारतं. पोशाखाला केसांसकट कमावलेलं हवं. तेही कसं कमावलंय ते विचारा. तुरटी-मिठात कमावलेलं पांढरं, मऊ, छान दिसतं, पण भिजलं की तुरटी धुऊन जाते आणि वाळल्यावर पत्र्यासारखं कडक होतं. तरवड किंवा बाभळीच्या सालीत कमावलेलं पाण्याला टिकतं, मात्र कातडी तांबूस होते, आणि पांढऱ्या केसांच्या मुळाशी तो रंग दिसतो.

घेताना तीन गोष्टी करा. वेगवेगळ्या चार जागी केस चिमटीत धरून ओढा. झुबका हातात आला तर मुळं सुटलेली आहेत आणि ते कातडं कोणत्याही भावात नको. आपल्याकडच्या उन्हात शेळी सोलल्यावर मीठ लावायला काही तास उशीर झाला तरी हे होतं, आणि नंतर त्याला इलाज नाही. दुसरं, मागची बाजू घडी घालून दाबा. करकर वाजली किंवा भेग पडली तर नको. तिसरं, वास. गोडसर कुजका वास कमावल्यानंतर जात नाही.

कच्चं कातडं घरी आणून कमवायचा प्रयोग सोंगाच्या तोंडावर करू नये. आणि अचानक, नाकातोंडातून रक्त येऊन मेलेल्या जनावराचं कातडं सोलायचंही नाही, आणायचंही नाही. काळपुळीचा रोग अशाच कातड्यांतून माणसाला होतो.

बेतताना जाड मान आणि पातळ पोट एकमेकांना जोडू नका, पातळ बाजू फाटते. कडेला आतून अर्धा इंच सुती पट्टी टाचून घ्या. जोड मशीनवर न देता कडेला कड लावून, मेण लावलेल्या दोऱ्याने वरून गुंडाळत टाके घाला, दोन टाक्यांत ३-४ मिलिमीटर अंतर. सुई चामड्याची, तीन धारांची. याहून जवळ टाके घातले तर कातडं टपाल तिकिटासारखं भोकांच्या ओळीवर फाटतं. चुकलेला टाका उसवला तरी भोक राहतं, म्हणून आधी चिंधीवर हात बसवा.

देवळात किंवा पालखीपुढे करायच्या सोंगाला कातडं चालतं का, हे आधी मंडळातल्या जाणत्यांना विचारा. नरसिंह आणि मारुतीच्या सोंगाला अनेक ठिकाणी चामडं चालत नाही, आणि हे आदल्या रात्री कळलं तर हातात काही उरत नाही. शंकराच्या व्याघ्रांबराला पट्ट्यांचं छापील मखमल कधीही पुरतं. भोळ्या शंकराकडे पावती मागायला कोणी जात नाही.

दोन्हींचा मेळ

अंग खोट्या फरचं, कड खऱ्या केसांची: हा मेळ जमला की बघणाऱ्याला सगळंच खरं वाटतं, कारण डोळा आधी कडेकडे जातो. त्यासाठी केसांची झालर करा. मेंढीची लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास नुसती बुडवून ठेवा. चोळू नका, चोळली की ती गुंतून तिचा नमदा, म्हणजे घट्ट थापी, होतो. दोनदा साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. शेळीचे किंवा घोड्याचे केस शाम्पूने धुतले तरी चालतात. एक इंच रुंद सुती पट्टी घ्या, तिच्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या बटा शेजारी शेजारी, मुळाकडून पाऊण इंच पट्टीच्या बाहेर येतील अशा मांडा आणि दोन टिपा मारा. मग बाहेरचा भाग पट्टीवर परत दुमडून तिसरी टीप. ही दुमड दिली नाही तर पहिल्याच नाचात केस निसटतात. तयार झालर चेहऱ्याभोवती, खोट्या फरच्या कडेखाली अर्धा इंच आत हाताने टाचा आणि दोन्ही केस एकत्र विंचरा. नरसिंहाच्या चेहऱ्याला साधारण ७५ सेंटिमीटर झालर लागते.

कातडं नको आणि प्लास्टिकही नको असं असेल, तर रावेर-यावलकडे केळीच्या खोडाचा धागा मिळतो का बघा. सोनेरी चमक असते, सिंहाच्या आयाळीला रंगही न देता शोभतो. द्यायचाच तर सुती कापडाचा साधा रंग त्याला बसतो, कारण तो वनस्पतीचा तंतू आहे. अंबाडी आणि ताग यांच्या दाढ्या पूर्वीपासून होतात. मात्र हे तिन्ही तंतू राठ आहेत, मानेला टोचतात, म्हणून आत सुती गळपट्टा हवा. आणि विस्तवाजवळ ते कोणत्याही फरपेक्षा वाईट, वाळक्या गवतासारखे पेटतात.

काम झाल्यावर

खोटी फर गार पाण्यात, थोड्या शाम्पूने, बादलीत दाबून धुवा. पिळू नका, हँगरला उलटी टांगून सावलीत वाळवा, ओलसर असताना विंचरा. खरं कातडं धुवायचं नाही. आतून कोरड्या फडक्याने घाम टिपा, दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. गणपतीच्या दिवसांत पूर्ण सुकायच्या आत पिशवीत घातलं तर आठ दिवसांत पांढरी बुरशी येते.

कसर खरे केस आणि लोकर खाते, पॉलिस्टरला ती तोंड लावत नाही. म्हणून झालर टाचलेला पोशाख असेल तर झालर उसवून वेगळी ठेवा. हाताने टाचायला सांगितलं ते याचसाठी. सुती पिशवीत, वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि दोन डांबरगोळ्या कागदात गुंडाळून. उंदरांना मात्र खरं-खोटं काही कळत नाही, त्यांना दोन्हींत पिल्लं घालायला आवडतं, तेव्हा पिशवी पत्र्याच्या पेटीत. मधे एकदा, पावसाळा सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास पेटी उघडून झालर उन्हात झटका. तळाला वाळूसारखी बारीक पूड किंवा पोकळ टरफलं दिसली, तर ती झालर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून एक दिवस, आणि परत तीन दिवस.